चार्जर टीएलएसवर नेताना : माझा अनुभव

ओसीपीपी १.६ (इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर आणि सर्व्हर यांच्या बोलण्याचा प्रोटोकॉल) वर चालणाऱ्या चार्जरमध्ये सर्व्हरचा पत्ता ‘डब्ल्यूएस’ने सुरू होत असेल, तर टीएलएस हे एन्क्रिप्शन नसतं आणि सगळी देवाणघेवाण उघड्यावर चालते. स्विचचा पोर्ट मिरर करून वायरशार्क (नेटवर्कवरचा डेटा वाचणारं सॉफ्टवेअर) लावला की गाडीवाल्याच्या आरएफआयडी कार्डाचा नंबर जसाच्या तसा दिसतो. ओसीपीपीच्या तीन सुरक्षा प्रोफाइलपैकी प्रोफाइल १ मध्ये पासवर्ड असतो, पण नुसत्या बेस६४ मध्ये. ती कुणीही उलटवू शकेल अशी लिहिण्याची पद्धत, ते एन्क्रिप्शन नव्हे. म्हणून मी प्रोफाइल ३ (टीएलएस आणि चार्जरचं स्वतःचं सर्टिफिकेट) चा आग्रह धरतो, पण आधी २ (टीएलएस आणि पासवर्ड) वरून जात.

आधी इन्स्टॉलसर्टिफिकेट या मेसेजने सर्व्हरचं रूट सर्टिफिकेट (ज्यावरून सर्व्हरची ओळख तपासतात) चार्जरमध्ये भरायचं, मग सिक्युरिटीप्रोफाइल ही सेटिंग २ करायची. रूट नसेल तर चार्जरने नकार द्यायला हवा. देत नसेल तर फर्मवेअर परत पाठवा. मग एक्स्टेंडेडट्रिगरमेसेजने चार्जरला स्वतःचं सर्टिफिकेट मागायला सांगायचं. चार्जर किल्ल्यांची जोडी स्वतः बनवतो, सीएसआर (सर्टिफिकेटवर सही मागणारी विनंती) पाठवतो, सही झालेलं सर्टिफिकेट परत येतं. खासगी किल्ली चार्जरबाहेर पडताच कामा नये. मग सिक्युरिटीप्रोफाइल ३. ओसीपीपीवरून प्रोफाइल पुन्हा खाली आणता येत नाही, त्यामुळे साइटवर पहिला प्रयोग नको.

प्रोफाइल २ वर ४०१ (ओळख न पटल्याची एरर) आला तर आधी ऑथरायझेशनकी (पासवर्डची सेटिंग) बघा. ती जास्तीत जास्त ४० हेक्स अक्षरांची, म्हणजे २० बाइटची असते. एक बाजू बाइट वापरते, दुसरी अक्षरं तशीच पाठवते. पासवर्ड जुळणार कसा?

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला घड्याळाने. लाइट गेली, परत आली, चार्जर मात्र ऑनलाइन येईना. लॉगमध्ये तारीख १ जानेवारी १९७०, आणि सर्व्हरचं सर्टिफिकेट ‘अजून वैध नाही’. आरटीसीला (बोर्डावरच्या घड्याळाला) सेलच नव्हता. ओसीपीपीत वेळ मिळते बूटनोटिफिकेशनच्या (चार्जर सुरू झाल्याच्या मेसेजच्या) उत्तरातून, ते उत्तर येणार टीएलएस जुळल्यावर, आणि टीएलएसला आधी बरोबर तारीख हवी! बोर्डावर सेल हवाच. शिवाय मॉडेमकडून नेटवर्कची वेळ घ्या, आणि शेवटची माहीत असलेली वेळ फ्लॅशमध्ये लिहीत राहा. बूट होताना घड्याळ तिच्या मागे जाता कामा नये. तारखेची तपासणी ‘तात्पुरती’ बंद करू नका, मुदत संपलेलं सर्टिफिकेटही मग चालून जातं.

आता बेंचवर एमसीबी पाडून चार्जर रात्रभर बंद ठेवतो. दहा मिनिटांची चाचणी फसवते, कारण सुपरकॅपॅसिटर (थोडी वीज साठवणारा भाग) तेवढा वेळ घड्याळ सहज चालू ठेवतो. सकाळी इथरनेट काढून, फक्त सिमवर, चार्जर सुरू करायचा आणि लॉगमधली पहिली तारीख बघायची.