काळा प्लग आणि मीटरचा आकडा

चारही स्पार्क प्लग काळे होते, म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. ओलसर, काजळीनं भरलेले, नखानं खरवडलं तर बोटाला लागणारे. आणि डॅशबोर्डवरचा काटा १६.४ दाखवत होता, एका भाग पेट्रोलमागे १६.४ भाग हवा, म्हणजे इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय. या दोन गोष्टी एकाच इंजिनात एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. त्या मंगळवाराला आता पंधरा दिवस झाले, तरी ती गाडी डोक्यातून जात नाही.

गाडी म्हणजे १९९८ ची जिप्सी किंग, १२९८ सीसी, कार्ब्युरेटरवाली, म्हणजे पेट्रोल-हवा मिसळून इंजिनाला देणारा जुन्या पद्धतीचा भाग असलेली. मालक जिंतूरकडचे शेतकरी. "पेट्रोल लई खायली बगा, अन् सायलेन्सरमधून काळा धूर सोडायली," एवढंच त्यांनी सांगितलं. त्यांचा मुलगा पुण्यात शिकतो. गेल्या दिवाळीत त्यानं हौसेनं गाडीला एअर-फ्युएल मीटर बसवून घेतलं होतं. त्या मीटरवर बघून कार्ब्युरेटर कुणी सेट केला, हे विचारायची गरज पडली नाही. झाकणाच्या स्क्रूला लाल रंगाचा ठिपका फक्त माझे वस्ताद देतात. मी बाराव्या वर्षापासून त्यांच्याकडे पाने पुसले.

डिपस्टिक काढली तर ऑइल खुणेच्या वर आणि पेट्रोलचा वास मारणारं. गाडी ऑइल खाते हे रोज बघतो, पण ऑइल वाढलंय म्हटलं की पोटात गोळा येतो. न जळलेलं पेट्रोल सिलेंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुवून खाली उतरत होतं. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, घेतलं: पहिला, तिसरा, चौथा १६५ पीएसआयच्या आसपास, दुसरा १२०. दुसऱ्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा घेतलं तर १५०. ऑइलनं फट बुजली की दाब वाढला, म्हणजे व्हॉल्व्ह नाही, पिस्टनच्या रिंगा किंवा सिलेंडरची भिंत.

मीटर खोटं बोलतंय असं वरवर बोलून भागत नाही. कुठं खोटं बोलतंय ते शोधावं लागतं.

बाहेर ४३ डिग्री, त्यात लाईट गेलेली. इन्व्हर्टरवर ब्लोअर लावून त्याचं तोंड सायलेन्सरच्या शेवटाला कापड गुंडाळून बसवलं आणि मॅनिफोल्डच्या, म्हणजे चारही सिलेंडरचा धूर गोळा करणाऱ्या भागाच्या, जोडावर साबणाचं पाणी मारलं. फेस उसळला. खालचा पाइप जिथं मॅनिफोल्डला लागतो तिथला एक स्टड तुटला होता, ग्यासकेटवर काजळीचा पंखा उमटला होता, आणि मीटरचा सेन्सर त्या फटीपासून जेमतेम एक वीत पुढं. लोकांना वाटतं, लीक असेल तर धूर बाहेर येईल. येतोच. पण धुराच्या दोन धक्क्यांच्या मधल्या क्षणी पाइपातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि त्याच फटीतून हवा आत ओढली जाते. सेन्सर ऑक्सिजन मोजतो. तो कुठून आला हे त्याला कळायचं काही साधन नाही. आयडलला हे सगळ्यात जास्त होतं, रेस दिली की कमी.

दुसरी चूक वायरिंगची. हे जुनं मीटर दोन तुकड्यांचं, सीटखाली कंट्रोलर आणि वर काट्याचं घड्याळ. कंट्रोलर ० ते ५ व्होल्ट पाठवतो, घड्याळ त्याचे १० ते २० असे आकडे करतं. म्हणजे एका व्होल्टला दोन आकडे. बसवणाऱ्यानं कंट्रोलरची अर्थ, म्हणजे अर्थिंगची वायर, हेडलाइटच्या गंजक्या बोल्टावर दिली होती, तोही रंग न खरवडता, आणि घड्याळाची अर्थ भलतीकडेच. मल्टीमीटरची एक काडी बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी कंट्रोलरच्या काळ्या वायरला लावली. लाईट बंद असताना ०.०५, चालू केल्यावर ०.२८ व्होल्ट. काटा अर्ध्या आकड्यानं वर. रात्री गाडी चालवली की पेट्रोल आणखी कमी दिसणार! अर्थ नीट न देणाऱ्या वायरमनचा मला मनापासून राग येतो. दहा मिनिटांचं काम असतं ते.

तिसरी गोष्ट मालकांनी मुलाला फोन लावून दिला तेव्हा कळली, आणि ती मला सगळ्यात जास्त लागली. मुलानं वाचलं होतं की शुद्ध पेट्रोलला एक भाग इंधनामागे १४.७ भाग हवा लागते, पण आता मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलला साधारण १३.५. हे बरोबर आहे. इथेनॉलला नऊच भाग हवा पुरते, म्हणून मिश्रणाचा आकडा उतरतो. म्हणून त्यानं वस्तादांना सांगितलं, काटा १३.५ वर ठेवा. इथं घोळ झाला. सेन्सरला इंधन कुठलं ते माहीत नसतं. तो फक्त बरोबर प्रमाणाच्या किती वर किंवा खाली आहोत एवढंच सांगतो, मग घड्याळ त्याला १४.७ नं गुणून दाखवतं. इथेनॉल असो नसो, प्रमाण जुळलं की काटा १४.७ वरच येणार. १३.५ वर आणणं म्हणजे जवळजवळ नऊ टक्के जास्त पेट्रोल ओतणं. पोरगं हुशार आहे, अर्धं वाचून थांबलं.

वस्तादांनी मग पायलट जेट, म्हणजे आयडलचं पेट्रोल सोडणारं कार्ब्युरेटरमधलं बारीक भोक, वाढवला, तरी काटा हलेना. मेन जेटला ड्रिल मारलं. भोकाचा व्यास दहा टक्क्यांनी वाढला तर क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढतं. पहिली पायरी योग्यच होती. इथेनॉलमुळं जुना कार्ब्युरेटर खरोखर थोडा कोरडा पडतो, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. पुढच्या तीन पायऱ्या त्यांनी फटीतल्या हवेला पेट्रोल पाजण्यात घालवल्या.

दुपारी त्यांना फोन केला. स्कूटीवर आले, बोलले नाहीत, प्लग हातात घेऊन उजेडात धरले.

"प्लग मला बी काळाच दिसला होता," ते म्हणाले. "पन मीटर म्हनलं, पेट्रोल कमी पडायलं. म्या मीटरचं ऐकलं."

"कामून, वस्ताद?"

"तूच म्हनला होतास की. आता डोळ्याचं काम ऱ्हायलं न्हाई म्हून."

म्हणालो होतो. स्कॅनर घेतला त्या वर्षी, त्यांच्या गॅरेजात चार गिऱ्हाइकांसमोर.

पुढचं काम दोघांनी मिळून केलं. सेन्सरही बदलायचा होता. जुना ४.२ जातीचा, नट वेल्डिंग करणाऱ्यानं पाइपाच्या खालच्या अंगाला, टोक वर करून बसवलेला, त्यामुळं पाइपातलं पाणी त्याच्यात साचायचं. आतली चिनीमाती पावणेआठशे डिग्रीच्या आसपास तापलेली असते, तिच्यावर पाण्याचा थेंब पडला की ती तडकते. मुलानं ऑनलाइन ४.९ जातीचा सेन्सर मागवून ठेवला होता, विकणाऱ्यानं सांगितलं होतं "बसतो". आटे सारखे आहेत, १८ मिलिमीटर जाडी आणि दोन आट्यांत दीड मिलिमीटर अंतर, म्हणून पाइपात बसतो. पण ४.२ ची आतली पेशी ७५० डिग्रीला ८० ओहम दाखवते, ४.९ ची ७८० डिग्रीला ३०० ओहम, आणि कंट्रोलर त्याच ओहमवरून तापमान धरतो. जुन्या कंट्रोलरला नवा सेन्सर जोडणं म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा घालणं. कनेक्टरही वेगळा, तो कापून जोडायचा सल्ला त्या विकणाऱ्यानं दिला होता. अशा माणसांनी सेन्सर विकू नयेत. ४.९ ला चालणारं एकाच तुकड्याचं मीटर संभाजीनगरहून मागवलं, ते शुक्रवारी आलं.

मधल्या दिवसांत स्टड, ग्यासकेट, नवे जेट झाले. नवा मेन जेट मूळच्यापेक्षा एकच पायरी मोठा. सेन्सरचा नट पाइपाच्या वरच्या अंगाला, घड्याळातल्या एकच्या दिशेला वेल्ड केला आणि जोडापासून लांब नेला. सगळ्या अर्थ इंजिनाच्या ब्लॉकवर एका बोल्टाला, धातू चकाकेपर्यंत घासून. आट्यांना ग्रीस लावताना वस्तादांनी माझा हात धरला, टोकाला लागू नये म्हणून. ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

शनिवारी ऑइल बदलून वसमत रोडनं झिरो फाट्यापर्यंत गेलो. ते शेजारी बसून आकडे सांगत होते. "चौदा सहा. चौदा आठ. चढाला तेरा." फाट्यापाशी म्हणाले, थांबव. चालत्या गाडीत इंजिन बंद करून बाजूला घेतली. स्वतःचा पाना काढून त्यांनी पहिला प्लग खोलला, बघितला, मग माझ्या हातात दिला. "तू सांग."

फिकट तपकिरी, बिस्किटाच्या रंगाचा. दुसऱ्या सिलेंडरचा मात्र कडेला ओला.

तो दुसरा सिलेंडर पेट्रोलनं धुतला गेला की आधीच गेलेला होता, हे मी सांगू शकत नाही. दिवाळीआधी कॉम्प्रेशन कुणी मोजून लिहून ठेवलं नव्हतं. वस्ताद म्हणतात, धुतला गेला, आणि रिंगांचा खर्च मी देतो. मी त्यांचे पैसे घेणार नाही, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. मालक गुरुवारी येतायत, इंजिन आता उघडायचं की पेरण्या होईपर्यंत थांबायचं ते विचारायला.