लेझर, लेझीम आणि तांब्या : आमची वाटचाल

कोल्हापुरात शाहूपुरीतला एक गाळा, दोन खाटा आणि जुनं अल्ट्रासाऊंड मशीन, एवढ्यावर आमचं फिजिओथेरपी सेंटर सुरू झालं. पेशंट मी बघायची, हिशेब यजमान. गर्दी खांद्यांचीच. शिरोलीच्या फाउंड्रीतले कामगार, तालमीतली पोरं, वैरणीचा भारा डोक्यावर चढवता न येणाऱ्या बायका.

मग कर्ज काढून लेझर घेतला. विकणाऱ्यानं सांगितलं, सहा सिटिंगमध्ये खांदा मोकळा. आम्ही भाबडे, बोर्डावर 'लेझर' केवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलं! पॅकेजही लावलं. मशीन 808 नॅनोमीटर तरंगलांबीचं, अर्ध्या वॅटच्या आतलं. हा प्रकाश दिसत नाही आणि चटकाही लागत नाही. पहिल्याच आठवड्यात काळा चष्मा लावून बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "शेक लागंना की गं, तुझी लेझीम बंद हाय काय?" तेव्हापासून आमच्याकडे ती लेझीमच.

या उपचाराचा उगमही गमतीचा. 1967 च्या सुमारास बुडापेस्टच्या एंड्रे मेस्टर यांनी लेझरनं कर्करोग होतो का हे बघायला उंदरांची पाठ भादरली. कर्करोग झाला नाही, केस मात्र लवकर उगवले. हा प्रकाश पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागात, शोषला जातो आणि त्यानं दुखणं उतरतं, असं मानतात.

2019 च्या पुरात गाळ्यात पाणी शिरलं. मशीन माळ्यावर टाकलं म्हणून वाचलं, खाटा गेल्या. पुढं बरेच दिवस जमिनीवर सतरंजी टाकून नुसता व्यायामच घेतला. वाकून उभं राहायचं, दुखऱ्या हातात पाण्याचा तांब्या, आणि हात घड्याळाच्या लंबकासारखा सैल सोडायचा. नेमानं करणाऱ्यांचे हात सरकले. यजमान म्हणाले, "मग हप्ते कशाचे भरतोय आपण?"

प्रश्न झोंबला, पण खोटा नव्हता. आखडलेल्या खांद्यात सांध्याभोवतीचं आवरण घट्ट होतं, शुगरवाल्यांत जास्तच. ते प्रकाशानं सैल होत नाही. काही आठवडे दुखणं कमी होतं, तेही व्यायामाच्या जोडीनं. कॉक्रेन ही संस्था उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासते, तिच्या 2014 च्या आढाव्याचा सूरही साधारण हाच. रात्री कूस बदलता येत नाही त्याला तेवढा उतारही मोठा असतो. म्हणून आता आधी लेझर, आणि दुखणं दबलंय तोवर लगेच तांब्या. पॅकेज बंद केलं. काही पेशंट तुटले, बोर्डही लहान झाला. डाव्या खांद्याबरोबर छातीत दडपण, घाम असेल तर खाटेवर घेतच नाही, आधी हृदयाच्या डॉक्टरांकडे.

त्या आजी परवा आल्या. अंबाडा स्वतःच्या हातानं घातलेला. म्हणाल्या, "लेझीम चांगली हाय तुझी. पर तांब्या माझा, पाणी माझं, त्येचं पैसं कशाला घेतीस?"