तुम्ही विचारलंत म्हणून: ‘नर्ड’ हा शब्द आला कुठून?

सतत अभ्यासात गढलेल्या माणसाला ‘नर्ड’ का म्हणतात, असे मला अनेकदा विचारले जाते आणि विचारणाऱ्याजवळ बहुधा एक उत्तर तयारच असते. झिंगलेल्या माणसासाठी इंग्रजीत असलेला ‘ड्रंक’ हा शब्द उलटा लिहिला की ‘नर्ड’ तयार होतो, म्हणजे पार्ट्या टाळून पुस्तकात डोके खुपसणारा तो नर्ड, अशी ती कथा आहे. अमेरिकेतील रेन्सेलिअर पॉलिटेक्निकमध्ये विद्यार्थी गमतीने तसे लिहीतही असत. पण शब्द त्याआधीच छापला गेला होता, त्यामुळे ही व्युत्पत्ती मागाहून जुळवलेली वाटते. इतकी चपखल व्युत्पत्ती दिसली की मला आधी संशयच येतो.

छापील रूपात हा शब्द प्रथम आढळतो तो १९५० साली, डॉ. स्यूस यांच्या ‘इफ आय रॅन द झू’ या बालपुस्तकात. तिथे नर्ड हा एका मुलाने स्वतःच्या प्राणिसंग्रहालयासाठी कल्पिलेला विचित्र प्राणी आहे. पुस्तकांशी त्याचा काडीचाही संबंध नाही. पुढच्याच वर्षी ‘न्यूजवीक’ने तरुणांच्या बोलीवरील लेखात नोंदवले की डेट्रॉईटमध्ये नीरस, जुनाट वळणाच्या माणसाला आता नर्ड म्हणतात. मुलांच्या पुस्तकातला प्राणी वर्षभरात तरुणांची शिवी व्हावा, हे मला अवघड वाटते. म्हणूनच वेडपट या अर्थाच्या ‘नट’पासून १९४०च्या दशकात झालेल्या ‘नर्ट’ या रूपाकडे बोट दाखवणारे अभ्यासक मला अधिक पटतात, जरी निर्णायक पुरावा कोणत्याच बाजूने नसला तरी.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की सुरुवातीच्या या अर्थात अभ्यास कुठेच नव्हता. चारचौघांत न मिसळणारा, कंटाळवाणा माणूस एवढाच तो अर्थ होता. अभ्यासूपणा त्याला पुढच्या दशकांत चिकटला, आणि संगणकवेड्यांनी तर तो शब्द पुढे अभिमानाने मिरवला. ब्रिटनमध्ये सतत अभ्यास करणाऱ्याला म्हणतात त्या ‘स्वॉट’चे तसे नाही. तो घाम या अर्थाच्या ‘स्वेट’चेच बोलीरूप असल्यामुळे त्यात पहिल्यापासून कष्ट आहेत, आणि आपला ‘घासू’ त्याचाच भाऊबंद शोभतो. म्हणून ‘नर्ड म्हणजे घासूच ना?’ या पुढच्या प्रश्नाला मी नाही म्हणतो: घासू परीक्षा संपली की पुस्तक मिटतो, नर्डला मात्र परीक्षा नसली तरी चालते.