स्वस्त छोटा लेथ घ्यायचाय? आधी स्पिंडलचे आटे बघा

कमी पैशात लाकूडकामाचा छोटा लेथ घेऊन टर्निंग, म्हणजे फिरत्या लाकडाला हत्यार लावून गोल वस्तू घडवणं, शिकता येतं का, तर हो, अगदी व्यवस्थित शिकता येतं. मोठ्या मशीनसाठी पैसे साठेपर्यंत थांबायची गरज नाही. पेन, भोवरे, हत्यारांच्या मुठी, डब्या, छोटे वाडगे, मेणबत्तीचे स्टँड हे सगळं बेंचवर मावणाऱ्या मशीनवर होतं आणि नवशिका माणूस बराच काळ हेच तर करत असतो. फक्त स्वस्त मशीनमधे पण कामाचं कुठलं आणि बिनकामाचं कुठलं हे ओळखता आलं पाहिजे. जाहिरातीत मोठ्या अक्षरात काय असतं, तर वॅट, लांबी आणि सोबत फुकट मिळणारा पटाश्यांचा सेट. मी ज्या दोन गोष्टी सगळ्यात आधी शोधतो त्या बारीक अक्षरात असतात नाहीतर लिहिलेल्याच नसतात, त्या म्हणजे स्पिंडलचा, म्हणजे मोटर फिरवते त्या दांड्याचा आटा आणि टेलस्टॉकचा, म्हणजे लाकडाचं दुसरं टोक धरणाऱ्या सरकत्या भागाचा टेपर, म्हणजे त्यातलं निमुळतं भोक.

याचं कारण साधं आहे. चक (लाकूड जबड्यात धरणारा), फेसप्लेट (लाकूड स्क्रूने बसवायची चकती), ड्रिल चक, लाइव्ह सेंटर (लाकडासोबत फिरणारं टोक), पेनचे तुकडे ओवायचं मँड्रेल, पुढे तुम्ही जे जे घ्याल ते सगळं या दोन ठिकाणीच बसणार. आणि दोनेक वर्षांनी मशीन बदललं तरी चक तोच राहतो, त्यामुळे आटा जर सगळीकडे चालणारा असला तर आज घेतलेली वस्तू वाया जात नाही. छोट्या लेथवर सगळ्यात सोयीचा आटा म्हणजे १ इंच व्यास आणि इंचाला ८ आटे. एम ३३ म्हणजे ३३ मिमी व्यास आणि ३.५ मिमी पिच (दोन आट्यांमधलं अंतर) हाही चांगलाच, त्यालाही भरपूर सामान मिळतं. पाऊण इंच व्यास आणि इंचाला १६ आटेवालं जुनं छोटं मशीन मिळालं तर तेही चालवता येतं, पण अ‍ॅडॉप्टर लावावा लागतो आणि अ‍ॅडॉप्टर लावला की चक बेअरिंगपासून तेवढा लांब जातो, मग वाडग्याचं काम करताना थरथर वाढते. आणि भलताच कुठला तरी आटा असेल किंवा स्पिंडलला आटाच नसून स्पर सेंटर, म्हणजे लाकडात रुतून ते फिरवणारं दातेरी टोक, कायमचं बसवलेलं असेल तर ते मशीन कितीही स्वस्त असो, सोडून द्या.

टेपरचं पण तसंच. मोर्स टेपर नंबर २ हवा, दोन्ही बाजूला, हेडस्टॉकला (स्पिंडल असतो तो भाग) आणि टेलस्टॉकला. नंबर २ चं जाड तोंड साधारण १७.८ मिमी असतं आणि नंबर १ चं १२ मिमीच्या आसपास, त्यामुळे व्हर्नियर खिशात असला तर विकणाऱ्याला माहीत नसलं तरी तुम्हाला कळेल. स्पिंडल आरपार पोकळ आहे का तेही बघा, कारण आत घट्ट बसलेलं सेंटर मागून सळई घालून ठोकूनच काढायचं असतं.

बेड, म्हणजे ज्यावर हे सगळं बसतं तो आडवा पाया, बिडाचाच (ओतीव लोखंडाचा) घ्या. यावर मी कधीच तडजोड सुचवत नाही. वाकवलेल्या पत्र्याचा किंवा दोन पाइपांचा बेड लांब दिसतो, एक मीटरचा वगैरे, आणि आकडा बघून वाटतं की अरे याच्यावर टेबलाचे पाय पण होतील, पण हत्यार टेकवलं की तो पिळतो, टेलस्टॉक आवळला की सेंटर सरकतं, आणि शिकणाऱ्याला वाटत राहतं की आपलाच हात वाईट आहे. हे मला फार खटकतं कारण हात वाईट नसतो, मशीन खोटं सांगत असतं. बिडाचा छोटा लेथ सहसा ३० ते ४५ किलो भरतो. उचलताना कंबरेला कळतं, पण ते वजनच थरथर खातं.

मापाचं बोलायचं तर स्विंग आणि दोन सेंटरमधलं अंतर हे दोन आकडे असतात. १० इंच स्विंग म्हणजे स्पिंडलच्या मध्यापासून बेडपर्यंत ५ इंच. म्हणजे कागदावर १० इंचाचा वाडगा, प्रत्यक्षात ८ इंच म्हणा, कारण ओबडधोबड ठोकळ्याला फिरायला जागा लागते. सेंटरमधलं अंतर १४ ते १८ इंच असतं आणि ते बहुतेक कामाला पुरतं, फक्त चकमधे लाकूड धरून टेलस्टॉकच्या ड्रिल चकने भोक पाडायचं असेल तेव्हा बरीचशी लांबी दोन चक आणि ड्रिल बिट यांच्यातच संपते हे लक्षात असू द्या. नंतर बेडला एक्स्टेंशन जोडता येतं असं मॉडेल मिळालं तर उत्तम.

आता स्पीड. लोक विचारतात जास्तीत जास्त किती आरपीएम, मी विचारतो कमीत कमी किती. नवीन ठोकळा मशीनवर चढतो तेव्हा तो गोल नसतो, एका बाजूला जड असतो, आणि त्याला हळू फिरवूनच गोल करावं लागतं. ५०० किंवा त्याच्या खाली स्पीड जात असेल तर बरं. काही स्वस्त मशीनं ७०० च्या वरच सुरू होतात, पेनसाठी ठीक, पण वाडग्याच्या कच्च्या ठोकळ्यासाठी मला ते पटत नाही. टर्नर लोकांचा एक हिशोब आहे, इंचातला व्यास गुणिले आरपीएम हे ६००० ते ९००० च्या मधे यावं. ८ इंचाच्या वाडग्याला म्हणजे साधारण ७५० ते ११००, ते पण तो गोल झाल्यावर, त्याआधी अजून कमी. हे उगाच नाही. ८ इंचाचं लाकूड ३००० आरपीएमला फिरलं तर त्याची कड ताशी ११५ किलोमीटरच्या आसपास पळत असते, आणि चकमधून सुटलेला तुकडा त्याच वेगाने निघतो.

स्पीड बदलायची पद्धत दोन प्रकारची. एक, झाकण उघडून पट्टा एका पुलीवरून दुसऱ्या पुलीवर टाकायचा, पाच-सहा ठरलेले स्पीड. दुसरी, नॉब फिरवून हवा तो स्पीड. नॉब फारच सोयीचा आहे यात वाद नाही, पण नुसता नॉब असलेल्या स्वस्त मोटरची ताकद खालच्या स्पीडला पडते, हत्यार जरा जोरात लागलं की मशीन थांबतं. म्हणून नॉब हवा असेल तर त्यासोबत पुलीच्या दोन-तीन पायऱ्या पण आहेत का बघा, खालच्या पायरीवर पट्टा टाकला की हळू स्पीडलाही ताकद मिळते. बजेट अगदीच कमी असेल तर साधी पट्ट्यावाली मोटर घ्या, बिघडायला त्यात फारसं काही नसतं आणि पट्टा बदलायला एखादं मिनिट लागतं. ताकद अर्धा हॉर्सपॉवर म्हणजे ३७५ वॅटच्या आसपास असली की या मापाच्या मशीनला पुरे.

मशीन समोर असेल, नवं असो की जुनं, तर हे करून बघा. हेडस्टॉकमधे स्पर सेंटर आणि टेलस्टॉकमधे लाइव्ह सेंटर घालून दोन्ही टोकं एकमेकांजवळ आणा, टोकाला टोक भिडलं पाहिजे. केसभर फरक असला तर ठीक आहे, पण डोळ्याला सरळ दिसेल एवढा फरक असेल तर नको. स्पिंडल हाताने धरून वर-खाली, पुढे-मागे हलवा, खेळ जाणवता कामा नये. टेलस्टॉक आवळून त्याचं चाक जोरात फिरवा आणि तो मागे घसरतो का बघा. टूलरेस्ट, म्हणजे हत्यार टेकवायचा आडवा आधार, आवळून त्यावर अंगाचा भार टाका. मग चालू करून आवाज ऐका, घरघर किंवा टकटक असेल तर बेअरिंग नाहीतर पट्टा, दोन्ही बदलता येतात पण किंमत ठरवताना तसं बोला. टूलरेस्टवर खड्डे असतील तर त्याची अजिबात चिंता करू नका, सपाट कानस मारून वर काचपेपर आणि थोडं मेण घासलं की हत्यार सुळसुळ सरकतं, नव्या टूलरेस्टवर पण मी हे करायला सांगतो.

आणि आता ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते, धार. मशीनवर वाचवलेले पैसे इथे घाला. स्वस्त लेथवर धारदार हत्याराने जेवढं स्वच्छ काम होतं तेवढं महागड्या लेथवर बोथट हत्याराने कधीच होणार नाही. बोथट हत्यार लाकूड कापत नाही, ओरबाडतं, मग तुम्ही जोर लावता, जोर लावला की ते अडकतं, आणि नवशिक्याची सगळी भीती त्या अडकण्यातून येते.

हत्यारं हायस्पीड स्टीलची घ्या. साधं कार्बन स्टील ग्राइंडरवर निळं पडलं की त्याचं पाणी उतरतं आणि धार टिकत नाही, हायस्पीड स्टीलला तेवढ्या उष्णतेने काही होत नाही, त्यामुळे धार लावायला शिकताना निळं झालं तरी हत्यार वाचतं. आठ-दहाचा सेट नको, एक रफिंग गाउज (गाउज म्हणजे पन्हळीसारखी पटाशी, रफिंग म्हणजे चौकोनी तुकडा गोल करायची), ३/८ इंचाचा स्पिंडल गाउज, एक बोल गाउज, एक पार्टिंग टूल (तुकडा कापून वेगळा करायला) आणि एक गोल तोंडाचा स्क्रेपर एवढ्यावर खूप दिवस निघतात, स्क्यू, म्हणजे तिरप्या धारेची सपाट पटाशी, नंतर घ्या, तो सुंदर आहे पण वेळ मागतो. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा, रफिंग गाउज फक्त दोन सेंटरमधल्या लांब कामासाठी आहे, वाडग्यावर तो लावायचा नाही. मुठीत जाणारा त्याचा भाग अरुंद असतो आणि आडव्या रेषांचं लाकूड त्यात अडकलं की तिथूनच तो मोडतो. कार्बाइडच्या बदलत्या पातीवाली हत्यारं पण मिळतात, धार लावायची कटकट नाही, पात थोडी फिरवली की नवी कड समोर. चांगली आहेत, वापरा, पण ती बरीचशी खरवडण्याच्या पद्धतीने चालतात आणि बेव्हल (धारेमागचा घासलेला तिरका भाग) टेकवून कापायची जी मजा आहे, लांबच लांब कुरळी सालपं मनगटावरून उडत जातात ना ती, ती गाउजशिवाय मिळत नाही.

ग्राइंडर ६ किंवा ८ इंचाचा, शक्यतो कमी स्पीडचा, आणि त्यावर पांढरा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा दगड, ८० ग्रिटच्या आसपास. ग्राइंडरसोबत येणारा करडा दगड लोखंडकामासाठी असतो, तो काढून ठेवा. कोन हाताने पकडणं सुरुवातीला अवघड जातं म्हणून हत्यार ठरलेल्या कोनात धरणारा जिग घ्या किंवा लाकडाचा स्वतः बनवा, अवघड नाही. स्पिंडल गाउजला ३५ ते ४५ अंश, बोल गाउजला ५५ ते ६० च्या मधे. बेव्हलवर मार्कर फासा, ग्राइंडर बंद ठेवून दगड हाताने फिरवा आणि शाई कुठून खरवडली जाते ते बघा. टोकाची गेली तर कोन जास्त उभा झालाय, मागची गेली तर फार तिरका, सगळीकडची सारखी गेली की मग चालू करायचा. दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं. आणि धार गेल्यावर नाही, जाते आहे असं वाटलं की लगेच.

लेथ बोल्ट लावून जड बेंचवर बसवा, स्पिंडल तुमच्या कोपराच्या उंचीला आला पाहिजे, बेंच हलका असेल तर खाली वाळूच्या पिशव्या ठेवा.

सुरक्षेचं थोडक्यात पण मनापासून सांगतो. नुसता चष्मा नाही, पूर्ण चेहरा झाकणारी फेसशील्ड हवी. हातमोजे नाहीत, लांब सैल बाह्या नाहीत, गळ्यात काही लोंबकळणारं नाही, केस बांधलेले. पॉलिश लावायला फडका वापरू नका, कागदी टिश्यू वापरा, अडकला तर कागद फाटतो, फडका बोट ओढून घेतो. चालू करायच्या आधी लाकूड हाताने एक पूर्ण फेरी फिरवून टूलरेस्टला लागत नाही ना बघा, आणि बटण दाबताना लाकडाच्या समोर उभं न राहता बाजूला राहा. काचपेपर मारताना चांगला मास्क लावाच, लाकडाची बारीक धूळ कॅन्सरला कारणीभूत ठरते असं आयएआरसीने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने, १९९५ मधेच जाहीर केलंय, आणि टर्निंगमधे सगळ्यात बारीक धूळ काचपेपरचीच असते.

चकची घाई करू नका. सुरुवातीला दोन सेंटरमधे २ इंच जाड आणि फूटभर लांब तुकडा धरा, गोल करा, त्यावर मणी आणि खोबणी काढत राहा, तुकडा पेन्सिलीएवढा बारीक होईपर्यंत. जाड भागाकडून बारीक भागाकडे कापत जायचं, उलट गेलात तर तंतू उचकटतात. वाडगा करायला घेतलात की तंतू आडवे येतात आणि दिशा बदलते, बाहेरून तळाकडून काठाकडे, आतून काठाकडून मध्याकडे. पहिले वाडगे मशीनसोबत आलेल्या फेसप्लेटवर स्क्रूने बसवून पण छान होतात. पुढे चार जबड्यांचा चक घेतलात तर लाकडाची गुडदी, म्हणजे जबड्यांनी धरायला तळाशी ठेवलेला गोल खुंट, ६ ते ८ मिमी उंच ठेवा आणि तिचं टोक चकच्या तळाला टेकू देऊ नका, लाकूड जबड्यांच्या वरच्या सपाट कडेवर बसलं पाहिजे, पकड तिथूनच येते.

लाकूड विकत आणायची सुरुवातीला गरजच नाही. नुकत्याच तोडलेल्या फांद्या आणि ओंडके ओले असताना लोण्यासारखे कापले जातात आणि धूळही उडत नाही. ओंडका मधल्या गाभ्यातून उभा चिरून गाभा काढून टाका कारण तडे तिथूनच सुरू होतात, आणि दोन्ही टोकांना मेण फासून ठेवा. ओल्या लाकडाचा वाडगा व्यासाच्या एक दशांश जाडीचा ठेवून कोरा, ८ इंचाला पाऊण इंचापेक्षा थोडा जास्तच, मग त्याच्याच सालपांसकट कागदी पिशवीत घालून सावलीत ठेवा आणि अधूनमधून वजन करा. वजन घटायचं थांबलं की वाळला. तोपर्यंत तो वाकून लंबगोल झालेला असतो, गुडदी पण लंबगोल, म्हणून ती आधीच थोडी मोठी ठेवायची म्हणजे दुसऱ्यांदा चढवताना परत गोल करून घेता येते.