वर्गमूळाचं बटण

भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं म्हणून दुपारी सेल शोधायला ड्रॉवर उपसला. सेल मिळाला नाही. कुठल्या कुलपाच्या ते कुणालाच माहीत नसलेल्या चाव्या मिळाल्या, एकाच कानात वाजणारा इअरफोन मिळाला, आणि अगदी तळाशी माझा कॉलेजातला कॅल्क्युलेटर. मेलाच असणार असं धरून खिडकीशी नेला, वरच्या काळ्या पट्टीवर ऊन पडलं आणि कोपऱ्यात हळूच शून्य उमटलं. इतक्या वर्षांनी! माणसंसुद्धा एवढ्या पटकन ओळख देत नाहीत.

सगळी बटणं तशी धड आहेत, फक्त एक पार कोरं. छापलेलं चिन्ह घासून घासून गेलेलं, मधोमध बोटाएवढा गुळगुळीत खळगा. लोकांचं बरोबरचं चिन्ह झिजतं, फार तर अधिकचं. माझं वर्गमूळ झिजलंय. आणि मी सायकॉलॉजी घेतली होती ती गणित सुटावं म्हणून.

म्हणजे विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की मला माणसाचं मन समजून घ्यायचंय वगैरे. तेही खरंच होतं, पण गणित सुटेल हे जास्त खरं होतं. वुंट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1879 साली लाइपझिगला प्रयोगशाळा काढली तेव्हापासून ही मंडळी मोजतच सुटलीत हे अॅडमिशन घेताना कोण सांगतंय. पहिल्याच प्रॅक्टिकलला मॅडम आल्या, फळ्यावर एक सिग्मा काढला, आमच्याकडे वळून म्हणाल्या, घाबरू नका, हा फक्त बेरीज कर एवढंच म्हणतो. आम्ही घाबरलो.

तर एसडी, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप. हाताने. ज्यांनी केलंय त्यांना मी काय सांगू, आणि ज्यांनी नाही केलं त्यांना सांगून तरी काय होणार. वीस जणांचे वीस आकडे उभे लिहायचे, शेजारच्या कॉलमात प्रत्येकाचं सरासरीपासूनचं अंतर, कुणी अधिक दोन, कुणी वजा तीन. या कॉलमाची बेरीज शून्य यायला हवी. यायलाच हवी, त्यात कुणाच्या हुशारीचा प्रश्न नाही, सरासरी म्हणजेच ते. माझी कधी आली नाही. कधी 0.2 उरायचे, कधी वजा 0.4, आणि मी त्या उरलेल्या चिमूटभरासाठी अख्खं पान परत तपासायची. पार्टनर म्हणायची, अगं राउंडिंगचं आहे ते, सोड. मला सुटायचं नाही. तेव्हापासून जी खोड लागली ती आजही आहे, काहीही भागलं की तीन दशांश स्थळं लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि कुणी सरासरी सांगितली की मी लगेच विचारते, किती जणांची? आणि एसडी? लग्नाकार्यात असं विचारू नये हे मला आता कळतं.

बरं, बेरीज शून्य येते म्हटल्यावर तिचं करायचं काय? म्हणून वर्ग करायचे. वजा तीनचे नऊ, अधिक तीनचेही नऊ. सगळे वजा गेले. मग बेरीज, मग भागाकार, आणि शेवटी वर्गमूळ, म्हणजे ते खळग्याचं बटण. इथवर मला पटत होतं. पण भागायचं कितीने तर वीसने नाही, एकोणीसने. एन वजा एक. का? पुस्तकात लिहिलं होतं, डिग्रीज ऑफ फ्रीडम. मराठी पुस्तकात लिहिलं होतं, स्वातंत्र्यमात्रा. दोन्ही वाचून मी होते तिथेच.

मॅडमनी मग एका दुपारी सोपं करून सांगितलं. पाच आकड्यांची सरासरी ठरलेली आहे, चार आकडे तुम्ही मनाला येतील ते घ्या, पाचवा तुम्हाला घेता येत नाही. तो ठरून गेलेला असतो. त्याला स्वातंत्र्य नाही.

वर्गातले बाकीचे माना डोलावत होते आणि मला एकदम पिवळा स्केचपेन आठवला.

लहानपणी सुट्टीत आम्ही पाच पोरं एका घरी जमायचो, मोठा दादा, ताई, दोघं आत्तेभाऊ आणि सगळ्यात शेवटी मी. स्केचपेनचं एक पाकीट पाचात. दादा निळा उचलायचा, न बघताच, जणू तो त्याच्या नावावर लिहून दिलेला होता. ताई लाल. मग दोघा आत्तेभावांची हिरव्या नि काळ्यावरून थोडी ओढाताण, एक बोचकारा, आणि मग कुणीतरी मोठं माणूस आतून ओरडायचं की तिला पण द्या रे, तीही खेळतेय. की लगेच सगळे माझ्याकडे वळून अगदी उदारपणे म्हणायचे, घे ना, तुला कुठला हवा तो घे. पाकिटात पिवळा. पांढऱ्या कागदावर पिवळ्याने काढलेलं काहीच दिसत नाही हो. मी अख्खी सुट्टी घरं, झाडं, एकदा तर वाघ काढला, आणि कागद तिरका करून उजेडात धरल्याशिवाय कुणाला तो दिसला नाही. वाघ चांगला होता.

मॅडमना मी हे सांगितलं नाही. पण एन वजा एक मधली ती वजा एक कोण, हे मला त्या दिवसापासून कधी परत विचारावं लागलं नाही.

दुसऱ्या सत्रात आम्हाला पूर्ण प्रयोग करायचा होता, सब्जेक्ट, म्हणजे ज्यांच्यावर प्रयोग करायचा ती माणसं, जमवण्यापासून टी टेस्टपर्यंत, म्हणजे दोन सरासऱ्यांतला फरक नुसता योगायोगाचा तर नाही ना ते बघण्यापर्यंत. आम्ही घेतलं पाठांतर, शांततेत आणि गोंगाटात. निरर्थक अक्षरांच्या दोन याद्या, प्रत्येकीत बारा. एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये विसरण्यावर जे पुस्तक काढलं त्यात सब्जेक्ट एकच, तो स्वतः, आणि आम्हाला मात्र वीस आणा म्हणे. असो. निरर्थक अक्षरं बनवणं हे दिसतं तितकं सोपं नाही. गेप, झुम, फीव, टॉस. टॉस बाद, त्याला अर्थ आहे. झुम बाद, त्यालाही अर्थ आहे. बोप कसा वाटतो? पार्टनर म्हणाली, बोप माझ्या मावसभावाला घरी म्हणतात. मराठीत तोंडाला येईल ते बोला, कुणाच्या तरी घरी ते कुणाचं तरी लाडाचं नाव निघतंच. दोन दिवस गेले त्यात.

गोंगाट आम्ही कॅन्टीनमध्ये रेकॉर्ड केला. भांडी, खुर्च्या सरकवल्याचे आवाज, कुणीतरी कुणाला तरी लांबून हाका मारतंय. निम्म्यांना आधी शांतता, निम्म्यांना आधी गोंगाट, हे सगळं अगदी नियमाने केलं. आणि प्रयोग संपल्यावर प्रत्येकाचं इंट्रोस्पेक्शन, म्हणजे तुला कसं वाटलं विचारायचं आणि जर्नलमध्ये दोन ओळी उतरवायच्या. मजा आली. कंटाळा आला. पंखा फार आवाज करतो. सगळ्यांचं तेच, आम्ही तर शेवटी शेवटी विचारायच्या आधीच लिहून ठेवायचो.

वीस जण झाले. रात्री गणित मांडलं. टी आला 1.99.

आता टी टेबल. ते पुस्तकाच्या शेवटी बारीक अक्षरात असतं, आणि पट्टी आडवी धरली नाही तर बोट हमखास खालच्या ओळीत घसरतं. हे टेबल ज्याच्यामुळे आलं तो गॉसेट डब्लिनला गिनेसच्या ब्रुअरीत कामाला होता. तिथे नमुने थोडेच मिळायचे, आणि थोडक्या नमुन्यांवरून काय म्हणता येईल हा त्याचा रोजचा प्रश्न. कंपनी स्वतःच्या नावाने छापू देत नव्हती म्हणून 1908 साली त्याने लेख लिहिला तो स्टुडंट या नावाने. मला हा माणूस फार आवडतो, टोपणनाव घ्यायचंच तर किती साधं घेतलं. पण त्या रात्री नाही आवडला. एकोणीसच्या ओळीत 0.05 च्या खाली लिहिलं होतं 2.093. टी निदान तेवढा हवा, तरच फरक खरा धरायचा.

दहा शतांशाने गेलं. 0.05 ची रेघ तरी कुणी आकाशातून आणली होती, संख्याशास्त्रज्ञ फिशरने 1925 च्या पुस्तकात सोयीची म्हणून धरली, नुसत्या योगायोगाने एवढा फरक येण्याची शक्यता वीसात एक, आणि ती सोय आमच्या नशिबी आली. पार्टनर म्हणाली, वन टेल्ड करू या ना, फरक एकाच दिशेचा बघायचा, त्यात 1.729 च लागतो. बरोबर होतं तिचं. पण हायपोथिसिस, म्हणजे प्रयोगाआधीचा अंदाज, आम्ही आधीच पेनाने लिहून मॅडमची सही घेऊन बसलो होतो, आणि त्यात भोळेपणाने लिहिलं होतं, फरक असेल. गोंगाटात कमी आठवेल असं लिहिलं असतं तर सुटलो असतो.

मग आमचं बोट कॉलमवरून खाली गेलं आणि चौदावर थांबलं. बाकीच्यांचं बघावं तर बहुतेकांना शांततेत थोडं जास्त आठवलेलं, एक दोन तीन अक्षरांनी. चौदा नंबरला शांततेत 5 आणि गोंगाटात 9. उलटा. फरक वजा 4.

हा काढला तर? पार्टनरने विचारलं असं आता मी म्हणते. बहुतेक मीच विचारलं.

काढला. एकोणीस जणांवर परत सगळं केलं, ते बटण त्या रात्री किती वेळा दाबलं असेल कोण जाणे. टी आला 2.95. आता अठराच्या ओळीत बघायचं, 2.101. ओलांडून पार पुढे. आम्ही अक्षरशः टाळ्या दिल्या एकमेकींना. मग काढला तर कारण लिहायला हवं, म्हणून मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, एका सब्जेक्टला सूचना नीट न समजल्याने त्याची माहिती विश्लेषणातून वगळली आहे. मॅडमनी त्यावर लाल पेनाने बरोबरची खूण केली. काही विचारलं नाही. पन्नास जर्नलं तपासायची म्हटल्यावर कोण विचारेल.

पुढे वर्षभराने कॉम्प्युटरवर शिकवलं, एसपीएसएस नावाचं आकडेमोडीचं सॉफ्टवेअर. क्लिक केलं की टेबल तयार, पी व्हॅल्यूसकट, म्हणजे योगायोगाची ती शक्यताही आयती, पट्टी नको नि बोट घसरणं नको, कॉलमची बेरीज शून्य आली का हे बघायचीही सोय नाही. आणि एखादी केस वगळणं तर इतकं सोपं की तिच्या नंबरावर नुसती एक तिरकी रेघ पडते. 2011 साली तीन संशोधकांनी एक पेपर लिहिला, त्यात हेच. कुणाला काढायचं, कधी थांबायचं, काय मोजलं ते सांगायचं नि काय नाही, एवढ्या मोकळिकीत जवळजवळ काहीही सिद्ध करता येतं, आणि त्यांनी खरंच गाणं ऐकून माणसाचं वय कमी होतं असं करून दाखवलं. त्या मोकळिकीला त्यांनी नाव दिलं ते संशोधकाच्या डिग्रीज ऑफ फ्रीडम. मग 2015 मध्ये मानसशास्त्रातलेच 100 प्रयोग पुन्हा करून बघितले तर आधी 97 टक्के सिग्निफिकंट, म्हणजे 0.05 ची रेघ पार केलेले होते, ते 36 टक्क्यांवर आले. बातमी वाचताना मला त्यातल्या कुठल्याच मोठ्या माणसाचा राग आला नाही. मला दादा आठवला, न बघता निळा उचलणारा. यादीत आमचं जर्नल नव्हतं एवढंच.

चौदा नंबरला सूचना नीट समजल्या होत्या. खरं तर वीसांत त्यालाच सगळ्यात नीट समजल्या होत्या, कारण त्याने दोनदा विचारून घेतलं होतं. बारीक मुलगा, आमच्याच वर्षाला, शेवटच्या बाकावरचा, कुणाशी फार बोलायचा नाही. पंधरावा सब्जेक्ट दाराशी उभा होता म्हणून मी घाईत त्याचं इंट्रोस्पेक्शन घेतलं, पेन टेकवून मजा आली असं लिहायच्या बेतात होते. तो म्हणाला, गोंगाटात बरं वाटलं. मी म्हटलं, अरे असं कसं? तर तो थोडा हसला आणि म्हणाला, आमच्या घरी एकदम शांत झालं ना, की काहीतरी झालेलं असतं. मग माझं सगळं लक्ष तिकडेच जातं.

मी ते लिहून घेतलं होतं, दोन ओळीत. माहिती वगळली तेव्हा ते पानही काढलं, कारण एकोणीसच पानं हवी होती.

त्याचं नंतर काय झालं मला माहीत नाही. आम्ही त्याला थँक्यू म्हणून एक पेन दिलं होतं, सगळ्यांनाच देत होतो.

आत्ता खिडकीशी उभी राहून दाबून बघितलं. 5 वजा 9. वजा 4 आले. वर्ग केला, 16. मग ते कोरं बटण, बोट बरोबर खळग्यात बसलं.

4.

घड्याळाला सेल आणायला हवा.