आज कोण पडलं?

४ फेब्रुवारी २०२२, शुक्रवार

बीजिंगच्या हिवाळी ऑलिम्पिकचं उद्घाटन टीव्हीवर दिसणार नाही हे कालच कळलं होतं. गलवानच्या झटापटीत जखमी झालेल्या त्यांच्या कमांडरच्या हाती चीनने ऑलिम्पिकची मशाल दिली. मग आपल्याकडून कोणी अधिकारी समारंभाला जाणार नाही असं ठरलं आणि दूरदर्शननेही उद्घाटन आणि समारोप दाखवायचा नाही असं जाहीर केलं. राग रास्तच आहे. पण आरिफ खानचं काय? आख्ख्या भारतातून या वेळी तो एकटा खेळाडू, स्कीइंगमधला. तंगमर्गचा, म्हणजे गुलमर्गच्या पायथ्याचा. वडिलांचं तिथे स्कीइंगच्या सामानाचं दुकान. एकाच हिवाळी ऑलिम्पिकमध्ये दोन प्रकारांसाठी पात्र ठरलेला पहिला भारतीय. झेंडा घेऊन चालला तोही तोच. रात्री फोनवर काही सेकंदांचं चित्रण सापडलं, ते तीनदा बघितलं.

आईचा खुबा दिवाळीच्या आठवड्यात मोडला. बाथरूमच्या उंबऱ्यात पाय अडकला, एवढंच. ऑपरेशन झालं, वॉकर आला, आता रोज सकाळी तासभर व्यायाम. तो ती टीव्हीवर काही चालू असल्याशिवाय करत नाही. बीजिंग आपल्या अडीच तास पुढे, म्हणजे त्यांच्या सकाळच्या शर्यती आपल्याकडे सात-आठला. मी लॅपटॉप टीव्हीला जोडून ठेवलाय. पुढचे दोन आठवडे मालिका बंद, बर्फ चालू.

६ फेब्रुवारी, रविवार

आज काहीच बघितलं नाही. सकाळी लताबाई गेल्याची बातमी आली आणि घर गप्प झालं. संध्याकाळी शिवाजी पार्क. आईने व्यायाम केला नाही, मीही म्हटलं नाही.

७ फेब्रुवारी, सोमवार

राज्यात सुट्टी जाहीर झाली. एरवी अमेरिकेच्या मिकेला शिफरीनचा जायंट स्लालम, म्हणजे उतारावर रोवलेल्या गेटांमधून वळत वळत खाली यायची स्कीची शर्यत, बघायला मला रजाच टाकावी लागली असती. अशा कारणाने सुट्टी मिळावी आणि आपण स्कीइंग बघावं, याची थोडी लाजही वाटत होती.

सोचीला, २०१४ साली, अठराव्या वर्षी या मुलीने स्लालमचं, म्हणजे गेटं आणखी जवळजवळ असलेल्या शर्यतीचं, सोनं घेतलं. २०१८ ला जायंट स्लालमचं. आज ते राखायला उतरली होती. अकरा-बारा सेकंद झाले असतील, डावीकडच्या वळणावर खालची स्की निसटली, कुशीवर आपटली आणि शर्यतीबाहेर. या खेळात गेट चुकलं की परत संधी नाही. दोन फेऱ्यांची वेळ मिळवायची असते, पहिलीच पुरी झाली नाही तर दुसरीचा प्रश्नच येत नाही.

आई सोफ्यावर बसून गुडघा सरळ करत होती. "पडली?" म्हणाली. मग म्हणाली, "कुशीवर पडली. हात नाही टेकला." मी लक्षच दिलं नव्हतं. आई म्हणाली, "मी हात टेकला होता." उजव्या मनगटावरचा व्रण अजून आहे.

स्केटिंग शिकायला येणाऱ्या लहान मुलांना आधी पडायलाच शिकवतात, हे मी तिला सांगितलं. कसं बाजूला झुकायचं, घसरत जायचं, एका गुडघ्यावर येऊन उठायचं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आम्हाला का नाही शिकवलं कोणी शाळेत? झेंडावंदन शिकवलं, सूर्यनमस्कार शिकवले."

८ फेब्रुवारी, मंगळवार

जपानचा फिगर स्केटर युझुरु हान्यू. दोन ऑलिम्पिक सोनी, २०१४ आणि २०१८. पुरुषांत लागोपाठ दोन सोनी त्याच्या आधी डिक बटनने घेतली होती, १९४८ आणि १९५२ मध्ये. मी डबा भरता भरता बघत होते. पहिलीच उडी क्वाड साल्काव, चार गिरक्यांची. तो उडाला आणि हवेत एकच गिरकी. पडला नाही, डळमळलासुद्धा नाही. पण शॉर्ट प्रोग्रॅममध्ये, म्हणजे पहिल्या छोट्या फेरीत, तिथे एका गिरकीच्या उडीला शून्य. आठवा.

नंतर त्याने सांगितलं की पाय नेमका दुसऱ्या कुणाच्या तरी स्केटने पडलेल्या भोकात गेला. आईला म्हटलं, बर्फात खड्डा होता. "तिकडेही?" म्हणाली.

अमेरिकेच्या नेथन चेनने ११३.९७ गुण घेतले, जागतिक विक्रम. २०१८ ला प्याँगचँगला याच मुलाची शॉर्टमध्ये धूळधाण होऊन तो सतरावा होता. मी हे रिक्षात बसून फोनवर बघितलं. गुण आल्यावर जोरात "येस" म्हणाले, तर रिक्षावाले काका आरशातून बघत म्हणाले, "आयपीएलचा लिलाव सुरू झाला का?"

९ फेब्रुवारी, बुधवार

लिहायचीच इच्छा नाही, पण लिहिते.

स्लालम म्हणजे शिफरीनचं घर. गेल्याच महिन्यात तिने वर्ल्ड कपची ४७ वी स्लालम शर्यत जिंकली. एका प्रकारात इतके विजय स्वीडनच्या जुन्या स्कीपटू स्टेनमार्कच्याही नावावर नव्हते, तो ४६ वर थांबला. आज पाच सेकंद. मोजून पाच. वरून निघाली, चौथं-पाचवं गेट, जरा बाहेर गेली, थांबली. पडलीसुद्धा नाही.

मग ती बाजूला जाऊन बर्फात बसली. स्की काढलेल्या, काठ्या शेजारी, डोकं गुडघ्यांवर. वीस मिनिटं बसली होती म्हणे. मागून एकामागून एक मुली खाली जात होत्या आणि कॅमेरा वारंवार तिच्याकडे वळत होता. मला राग आला, कॅमेऱ्याचा. मग लक्षात आलं की कॅमेरा दुसरीकडे गेला की मीच वाट बघतेय तो परत तिच्याकडे कधी जातो याची.

क्रिकेटमध्ये बरं असतं. पंचाला शिव्या घालता येतात, खेळपट्टीला, टॉसला, सिलेक्टरला. विराट शून्यावर गेला तरी पुढच्या आठवड्यात सामना असतोच. इथे पाच सेकंद आणि मग चार वर्षं. आणि दोष द्यायला कोणी नाही.

आईने टीव्हीकडे बघणं सोडून वॉकर ओढला. "बसू दे तिला," म्हणाली. "लगेच उठा उठा करणारी माणसं फार असतात." हे मला होतं. नोव्हेंबरात मी तेच करत होते.

१० फेब्रुवारी, गुरुवार

आज दिवस भरून आला.

अॅक्सल ही एकच उडी समोर तोंड करून घेतात, बाकी सगळ्या पाठमोऱ्या. त्यामुळे तिच्यात अर्धी गिरकी जास्त. चार गिरक्यांचा अॅक्सल म्हणजे साडेचार गिरक्या, आणि तो या दिवसापर्यंत स्पर्धेत कुणालाच जमलेला नव्हता. आठव्या क्रमांकावरून सोनं येणार नाही हे हान्यूला माहीत होतं. सोपा कार्यक्रम करून कांस्य मिळवता आलं असतं कदाचित. तो अॅक्सललाच गेला. वर गेला, इतका वर की मी श्वास रोखला, उतरला आणि पडला. पुढचा साल्कावही पडला. मग उरलेली तीनेक मिनिटं तो असा खेळला की जणू आधी काही झालंच नव्हतं.

शेवटी चौथा. पण निकालपत्रकात त्या उडीपुढे पहिल्यांदाच ४ए असं छापून आलं. कमी फिरल्याची खूण, पडल्याचा दंड, सगळं आहे, पण उडीचं नाव आहे. मी त्या ओळीचा फोटो काढून ठेवलाय. नवरा म्हणाला, "पडलेल्या उडीचा फोटो?" हो.

चेनने सोनं घेतलं, ३३२.६०. एकही मोठी चूक नाही. मला आनंद झाला, खरंच झाला, पण तो परीक्षेत पहिल्या आलेल्या शेजारच्या मुलाबद्दल होतो तसा.

११ फेब्रुवारी, शुक्रवार

स्नोबोर्डच्या हाफपाइपमध्ये जपानच्या हिरानोला दुसऱ्या फेरीत परीक्षकांनी ९१.७५ दिले. एवढी अवघड उडी घेऊन! मी इथे नाशकात ओरडले. त्याने तिसऱ्या फेरीत तीच उडी परत घेतली, ९६, सोनं. शिफरीन सुपर-जी या स्कीच्या आणखी एका शर्यतीत नववी. खाली पोचली, एवढं मला पुरे.

आईचा आवडता खेळ सापडला, कर्लिंग. ती लग्नाआधी गल्लीत कॅरमची चॅम्पियन होती, तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. कव्हर कशी ठेवायची, समोरच्याची सोंगटी उडवून आपली तिथेच कशी थांबवायची, सगळं तेच. फक्त सोंगटी वीसेक किलोची ग्रॅनाइटची. बर्फावर आधी पाण्याचे बारीक थेंब शिंपडतात, ते गोठून दाणे होतात आणि दगड त्यावरून सरकतो, असं मी वाचून दाखवलं. "बोरिक पावडर," आई म्हणाली, आणि टाच उचलायचा व्यायाम वीसऐवजी तीस वेळा केला. मोजायला विसरली होती.

१३ फेब्रुवारी, रविवार

आरिफचा दिवस.

या डोंगरावरचा बर्फ जवळजवळ सगळा यंत्रांनी तयार केलेला. तिथला हिवाळा कडाक्याचा, पण कोरडा. म्हणून पाणी तोफांमधून हवेत उडवून बर्फ पाडलाय. ("बर्फसुद्धा चिनी बनावटीचा," इति आई.) आणि नेमका आज, जायंट स्लालमच्या दिवशी, खरा बर्फ कोसळला. पडद्यावर नुसतं पांढरं. पुढचं गेट दिसत नव्हतं. वर निघालेला माणूस खाली येईपर्यंत मध्येच नाहीसा व्हायचा. अनेक जण पहिल्या फेरीतच बाद झाले, त्यात भले भले होते.

आरिफचा नंबर बराच मागे. मागे असणं म्हणजे काय हे बघितल्याशिवाय कळत नाही. पुढच्यांनी वळणावळणाला खोबणी पाडलेल्या असतात, त्यावर ताजा भुसभुशीत बर्फ साचलेला. कॅमेरावाल्यांचंही लक्ष उडालेलं असतं. पण तो दिसला. दोन्ही हात पुढे, वाकलेला, गेटांना खांद्याने ढकलत. एका वळणावर मागे कलला आणि मी चहाचा कप तसाच हातात धरून उभी राहिले. सावरला. १ मिनिट २२.३५ सेकंद.

दुसरी फेरी लांबली. बर्फ थांबेना. आई जेवून दुपारची झोप न घेता खुर्चीत बसून राहिली, हे या घरात नोंद करण्याजोगं आहे. मध्येच इंटरनेट गेलं. मी कंपनीच्या नंबरवर तक्रार करत असताना "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" ऐकत गच्चीवर, आणि लेकाने तेवढ्यात त्याच्या फोनवर चालू केलं. पाच इंची पडद्यावर आम्ही चौघं.

१ मिनिट २४.८९. एकूण २ मिनिटं ४७.२४ सेकंद. पंचेचाळिसावा. सोनं स्वित्झर्लंडच्या ओडरमाटला, २ मिनिटं ०९.३५, म्हणजे आरिफ जवळपास अडतीस सेकंदांनी मागे. लेक म्हणाला, "मग आपण उड्या का मारतोय?" त्याला काय सांगणार! मी म्हटलं, तो खाली आला म्हणून.

आईने विचारलं, "लग्न झालंय का त्याचं?" तयारीसाठी त्याने लग्न पुढे ढकललं असं पेपरात आलं होतं, ते सांगितलं. "आता करून टाक म्हणावं."

१६ फेब्रुवारी, बुधवार

आरिफ स्लालममध्ये पहिल्या फेरीतच बाद. ऑफिसात कळलं. ऑडिट चालू होतं, टेबलाखाली फोन धरून वाचलं. रविवार त्याच्यापाशी आहेच.

१७ फेब्रुवारी, गुरुवार

कंबाइन्ड म्हणजे एक डाउनहिल आणि एक स्लालम मिळून शर्यत. शिफरीन सकाळच्या डाउनहिलमध्ये पाचवी होती. मग स्लालमची फेरी, आणि त्यात ती परत बाहेर. तिसऱ्यांदा. मी आता रडणार नाही असं ठरवलं होतं.

संध्याकाळी घाईघाईत घरी आले ती रशियन फिगर स्केटर कमिला वालियेवासाठी. पंधरा वर्षांची. डिसेंबरमधल्या तिच्या नमुन्यात हृदयविकाराचं औषध सापडलं, ते कळलं सांघिक स्पर्धा संपल्यावर. सोमवारी क्रीडा लवादाने तिला खेळायची परवानगी दिली. ती पहिल्या तिघांत आली तर पदकं द्यायचीच नाहीत असं ठरलेलं. मोठ्या माणसांनी मिळून घातलेला घोळ, आणि बर्फावर एकटी मुलगी.

ती सगळ्यांत शेवटी बर्फावर उतरली. पडली, उठली, परत पडली. चार मिनिटं इतकी लांब असतात हे मला माहीत नव्हतं. औषध, दोष कुणाचा, सगळं बाजूला राहिलं, मला फक्त कुणीतरी संगीत बंद करावं असं वाटत होतं. चौथी. बाहेर आली तर प्रशिक्षिका तिला, लढणं का सोडलंस, असं विचारत होत्या. पलीकडे पाच क्वाड मारून रौप्य मिळवलेली त्रुसोवा रडत ओरडत होती. आणि जिने सोनं जिंकलं ती श्चेर्बाकोवा एका कोपऱ्यात कापडी खेळणं पोटाशी धरून एकटीच. तिचं अभिनंदन करायला कुणालाच सवड नव्हती. कांस्य मिळालेली जपानची साकामोतो तेवढी आनंदाने रडत होती.

आईने रिमोट घेतला आणि बंद केलं. "मला नाही बघवत. आज कोण पडलं ते सांगूही नकोस."

जेवताना कोणी काही बोललं नाही. रात्री तिला धरून बाथरूमपर्यंत नेलं. उंबऱ्याशी ती थांबली, आधी चांगला पाय, मग दुसरा, शिकवलंय तसं. मी दंड धरला होता. म्हणाली, "इतका घट्ट नको धरूस, मला पाऊल टाकता येत नाही."

२० फेब्रुवारी, रविवार

वाऱ्यामुळे कालची सांघिक स्कीइंग आज झाली. कांस्यासाठी अमेरिकेची नॉर्वेशी २-२ अशी बरोबरी, आणि वेळेच्या हिशोबात कांस्य नॉर्वेला. अमेरिका चौथी. शिफरीन सहा प्रकारांत उतरली, पदक एकही नाही. वर्ल्ड कपच्या शर्यती पुन्हा सुरू होतील, तिथेही ती उतरेल आणि मीही बघेन, हे आम्हाला दोघींनाही ठाऊक आहे. म्हणजे मला तरी.

हान्यूने समारोपाआधीच्या प्रदर्शनात बर्फावर फेरी मारली. समारोप अर्थातच टीव्हीवर नाही. लॅपटॉपची वायर काढली, गुंडाळली. टीव्हीवर मालिका परत सुरू झाली, तर आईला कथानकात काय झालं ते कळेना आणि मला सांगता येईना.

"पुढचं कधी?"

"२०२६. इटलीत. मिलान आणि कोर्तिना."

"तिकडे किती वाजतात?"

मी हिशोब केला. ते आपल्या साडेचार तास मागे. त्यांची सकाळची दहाची शर्यत आपल्याकडे दुपारी अडीचला.

"अडीचला?" आई म्हणाली. "ती माझी झोपायची वेळ आहे. कळव त्यांना."