आडोशाची भिंत

आमच्या घरातला पॅसेजचा दिवा 1986 पासून दिवसाही चालूच आहे. म्हणजे, परवापरवापर्यंत होता. कोथरूडमधला हा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट बाबांनी तेव्हा घेतला. जागा सव्वासहाशे चौरस फूट आणि खोल्या मात्र वाड्याला शोभतील एवढ्या. हॉल, दोन बेडरूम, स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातून फोडून काढलेलं देवघर, माळ्याखालची अडगळीची खोली आणि या सगळ्यांना जोडणारा तीन फुटी पॅसेज. नवा पाहुणा हात धुवायला गेला की येताना हमखास अडगळीचं दार उघडायचा. आतून झाडू पडल्याचा आवाज आला की बाबा इकडून ओरडायचे, "उजवीकडे, उजवीकडे!"

ऊन पूर्वेचं, आणि पूर्वेची खिडकी स्वयंपाकघरात. सकाळचं सगळं ऊन डाळीतांदळाच्या डब्यांना मिळायचं. मधल्या भिंतीपलीकडे हॉलमध्ये बाबा ट्यूब लावून पेपर वाचायचे.

घरात अंधार असणं आपल्याला नवं नाही म्हणा. वाड्यातलं माजघर अंधारंच असायचं. पण वाड्याला चौक असायचा. विश्रामबागवाडा 1807 सालचा, त्याला तर तीन चौक आहेत. उजेड, वारा, पाऊस सगळं त्या चौकातून आत यायचं आणि मग माजघराचा अंधार उन्हाळ्यात गारव्यासारखा वाटायचा. आमच्यासारख्या फ्लॅटांनी माजघर तेवढं उचललं, चौक तिथेच ठेवला. चौकाच्या जागी बिल्डरने आम्हाला डक्ट, म्हणजे पाइपांसाठीची अरुंद उभी पोकळी, दिला, आणि तो पहिल्या दिवसापासून कबुतरांनी ताब्यात घेतला.

तर मधली भिंत काढायची, हे मी ठरवलं. आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलावलं. भिंतीनेच स्लॅब तोलून धरलेल्या जुन्या इमारती असतात. तिथे असलं धाडस केलं तर वरच्यांचा डायनिंग टेबल आपल्या हॉलमध्ये यायचा. इंजिनीअरने इमारतीचा जुना नकाशा पाहिला, चार ठिकाणी प्लास्टर खरवडलं आणि सांगितलं, साडेचार इंची आहे, काढा, पण वरच्या बीमला आणि कोपऱ्यातल्या कॉलमला हातही लावायचा नाही. गवंडीकाकांनी त्याचं मराठी केलं, "ताई, भार नाही हिच्यावर. नुसती आडोशाची भिंत."

चंदीगडचा आराखडा करणारे ले कॉर्बुझिए 1920च्या दशकातच सांगत होते की, भार खांबांनी उचलला की भिंती हव्या तिथे घाला, नको तिथे घालू नका. आमच्या बिल्डरपर्यंत खांब पोचले होते. पुढचं वाक्य वाटेत कुठेतरी राहिलं असणार.

सोसायटीची परवानगी मिळाली: दहा ते एक आणि चार ते सहा. एक ते चार ठोकाठोक बंद. याचं कारण पुण्याबाहेरच्यांना समजावता येत नाही आणि पुणेकरांना समजवावं लागत नाही.

भिंत वरून खाली उतरवत आणतात, हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं मध्ये घण घालायचा. काकांनी वर चढायला लाकडी घोडा लावला, बीमखालचा पहिला थर छिन्नीने सैल केला आणि दोन विटा अलगद काढून बिगाऱ्याच्या हातात दिल्या. त्या दोन विटांच्या भोकातून उजेडाची एक तिरीप धुळीतून आरपार आली आणि हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीवर टेकली. तिथला पिवळा रंग एक नव्हताच, दोन होते. कधीतरी अर्ध्यात डबा संपला होता आणि रंगाऱ्याने दुसरा उघडला होता. तीस-पस्तीस वर्षांत आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. "तरी मी तेव्हा म्हणत होते," आई म्हणाली.

सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत भरून छप्पन्न गोण्या राडारोडा निघाला. लिफ्ट नाही. दोन बिगारी दीड दिवस जिना चढत-उतरत होते. आडोशाचंही वजन दीड-पावणेदोन टन भरतं.

भिंत गेली, पण पायखुणा ठेवून. खाली अर्ध्या फुटाची फरशी नसलेली पट्टी उरली, दोन्हीकडे दहा इंची मोझॅक, मध्ये उघडा कोबा. तसली हिरव्या खड्यांची फरशी आता कुठे मिळणार? पॉलिश केलेल्या काळ्या कडप्प्याची पट्टी बसवली. बाबा अजून तिच्यावर पाय देत नाहीत, उंबरा असल्यासारखे ओलांडतात.

खरा विरोध आईचा होता आणि तो भिंत पडल्यावर सुरू झाला. "ओटा म्हणजे काय शोकेस आहे?" भांडी पडलेली दिसतात, ती स्टुलावर पाय घेऊन दुसरा चहा पिते ते दिसतं. मिरच्यांची फोडणी पडली की हॉलमधल्या पाहुण्याला ठसका लागतो. चिमणी लावली आहे, पण ती फोडणीपेक्षा जास्त आवाज करते, म्हणून आई ती लावत नाही. मी उजेड मोजत होते, तिचा आडोसा गेला होता, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी पडदा लावून देते म्हटलं, तर म्हणाली, "राहू दे. खिडकीतलं ऊन आता तुळशीच्या मंजिऱ्या निवडायला सोफ्यापर्यंत येतं."

शिवाय आडोसा फक्त डोळ्यांपुरता होता. साडेचार इंचांतून तिला हॉलमधलं सगळं ऐकू यायचं. पाहुणे गप्पा मारायचे आणि ती आतून कढईशी बोलायची. पाहुणे गेले की बाबांना पूर्ण अहवाल मिळायचा: ते काय खोटं बोलले, तुम्ही काय बोलायला हवं होतं.

गेल्या रविवारी बाबांचे जुने मित्र आले. पोहे होत होते. त्यांनी त्यांची ठरलेली गोष्ट सुरू केली, की हा फ्लॅट आपणच कसा शोधून दिला आणि बाबा कसे घाबरत होते. ती गोष्ट आम्ही निदान पन्नास वेळा ऐकली आहे. आईने गॅस बारीक केला, झारा हातात तसाच ठेवून वळली.

"भाऊजी, हा फ्लॅट तुम्ही नाही दाखवलात. मी दाखवला. तुम्ही तेव्हा म्हणाला होतात, कोथरूडला कोण राहायला जातं!"

मित्र माझ्याकडे बघायला लागले. बाबा मान वर करून बीमकडे बघत बसले.